क्रियापद आधी : सामोअन भाषेतली पहिली वाक्यं

"मी परवा सकाळच्या गाडीने पुण्याला..." एवढं ऐकून काय कळतं? बोलणारा जाऊन आला, जाणार आहे, की जाण्याचा बेतच रद्द झाला? ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे ते येईपर्यंत ऐकणाऱ्याने ताटकळायचं. सामोअन भाषेत ही सोय उलटी आहे. तिथे पहिला शब्द काळ सांगतो, दुसरा क्रिया सांगतो. कोणी, कुठे, कशाला ही मंडळी मागून येतात. “ना साउ सिना” म्हणजे “सिना आली”. ‘ना’ भूतकाळाची खूण, ‘साउ’ म्हणजे येणं आणि शेवटी सिना. यातला ‘साउ’ हा शब्द काळाप्रमाणे, लिंगाप्रमाणे, पुरुषाप्रमाणे कधीच बदलत नाही. आला, आली, आले, आलो, आलीस ही सगळी रूपं पाठ करत मोठे झालेल्या आपल्याला हा केवढा दिलासा!

पण दिलासा अर्धाच आहे. आपल्याकडे जे काम शब्दांच्या शेपट्या करतात, ते सामोअनमध्ये सुटे, बारीक शब्द करतात. ले, से, ए, ना, उआ, ते, माइ अशी एक-दोन अक्षरी अव्ययं. नवशिक्या माणसाला ती क्षुल्लक वाटतात आणि तो शब्दसंग्रहाच्या मागे लागतो. खरं तर या भाषेचं सगळं यंत्र त्या बारीक शब्दांवर चालतं. वीसेक अव्ययं नीट समजली, तर शे-दीडशे शब्दांवर रोजचं बोलणं सुरू होतं. अव्ययं सोडून हजार शब्द पाठ केले, तरी एक वाक्य धड उभं राहत नाही.

कुठली ही भाषा?

प्रशांत महासागरात हवाई आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मध्यावर सामोआ बेटं आहेत. आज त्यांचे दोन राजकीय भाग आहेत. पश्चिमेकडचा स्वतंत्र देश सामोआ. त्यात उपोलु आणि सावाइ‘इ ही दोन मोठी बेटं, आणि राजधानी आपिया. पूर्वेकडचा अमेरिकन सामोआ. तो अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश, मुख्य बेट तुतुइला. स्वतंत्र सामोआ १९६२ साली न्यूझीलंडच्या कारभारातून मुक्त झाला. भाषा दोन्हीकडे एकच. न्यूझीलंडमध्येही २०१८ च्या जनगणनेत इंग्रजी आणि माओरी यांच्यानंतर सर्वाधिक बोलली जाणारी भाषा सामोअनच होती. बोलणारे एक लाखाहून अधिक. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर ती बसमध्ये, बाजारात, मुलांच्या शाळेत पडतच असते.

कुळाने ही पॉलिनेशियन. हवाईयन, माओरी, टोंगन या तिच्या बहिणी, आणि मलाय दूरची चुलत नातलग. पाच या आकड्याला सामोअनमध्ये ‘लिमा’ म्हणतात, हवाईयन आणि मलायमध्येही ‘लिमा’च. सामोअनमध्ये हातालाही ‘लिमा’ म्हणतात. पाच बोटांचा हात आणि पाच हा आकडा यांचं हे नातं हजारो मैलांच्या समुद्रप्रवासात टिकून राहिलं आहे.

लेखी सामोअन मात्र तुलनेने तरुण. लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स १८३० साली सावाइ‘इ बेटावर उतरला. त्यानंतर मिशनऱ्यांनी रोमन लिपीत ही भाषा बसवली. १८५५ साली संपूर्ण बायबल सामोअनमध्ये आलं आणि १८६२ साली जॉर्ज प्रॅट यांचं व्याकरण व शब्दकोश छापला गेला. ‘ट्रेझर आयलंड’वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आयुष्याची शेवटची वर्षं आपियाजवळच्या वाइलिमा इथे राहिला आणि १८९४ मध्ये तिथेच वारला. सामोअन लोक त्याला ‘तुसिताला’ म्हणत. ‘तुसि’ म्हणजे लिहिणं, ‘ताला’ म्हणजे गोष्ट. हे दोन्ही शब्द पुढे आपल्याला लागणार आहेत.

चौदा अक्षरं आणि एक झटका

सामोअनची मूळ अक्षरं फक्त चौदा. पाच स्वर आणि नऊ व्यंजनं : फ, ङ, ल, म, न, प, स, त, व. ह, क आणि र ही तीन अक्षरं मागाहून परक्या शब्दांसाठी घेतली. महाप्राण नाहीत, जोडाक्षरं नाहीत आणि प्रत्येक अक्षर स्वरातच संपतं. त्यामुळे मार्केटचं ‘माऽकेति’ होतं, ख्रिसमसचं ‘केरिसिमासि’ आणि इंडियाचं ‘इनितिआ’.

मराठी माणसाला इथे थोडा फायदा आहे. रोमन लिपीत सामोअन लिहिताना जिथे ‘जी’ अक्षर दिसतं, तिथे उच्चार ‘ग’ नसून ‘ङ’ असतो. अमेरिकन सामोआच्या राजधानीला जग ‘पागो पागो’ म्हणतं, ती खरी ‘पाङो पाङो’. भाषेला सामोअनमध्ये ‘ङाङाना’ म्हणतात. आपण ‘क ख ग घ ङ’ म्हणताना ङ चा उच्चार करतो, पण त्याने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. सराव सोपा आहे. ‘गंगा’ म्हणताना अनुस्वारावर थांबा, दुसरा ‘ग’ येऊ न देता तिथूनच ‘आ’ काढा. निघेल तो ‘ङा’.

दोन गोष्टी मात्र कान देऊन शिकाव्या लागतात. पहिली, स्वराची लांबी. ‘ले’ आणि ‘लेऽ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. दुसरी, घशातला झटका. दोन स्वरांच्या मध्ये श्वास क्षणभर घशात अडवून सोडायचा. सामोअन लोक तो उलट्या स्वल्पविरामाने दाखवतात आणि त्या खुणेला ‘कोमा लिलिउ’ म्हणतात. या लेखात झटक्यासाठी तीच खूण वापरली आहे आणि दीर्घ स्वरासाठी अवग्रह. काही शब्दांच्या सुरुवातीलाही हा झटका असतो. तिथे तो अर्थ बदलत असेल तेवढाच दाखवला आहे.

हा झटका किती महत्त्वाचा? ‘लो‘उ इङोआ’ म्हणजे माझं नाव, आणि ‘लोउ इङोआ’ म्हणजे तुझं नाव. माझं आणि तुझं यांच्यात फक्त घशातला तो एक अडथळा आहे. ‘ओ आइ’ म्हणजे कोण, तर ‘‘आइ’ म्हणजे खाणं. आता पंचाईत अशी, की वर्तमानपत्रांत आणि रोजच्या लिखाणात झटका आणि लांबी या दोन्ही खुणा बऱ्याचदा गाळल्या जातात. सामोअन वाचक संदर्भावरून समजून घेतो. शिकणाऱ्याने मात्र सुरुवातीला खुणा असलेलंच पुस्तक निवडावं.

एक पाऊस, सहा वाक्यं

वाक्याच्या तोंडाशी बसणारी काळाची अव्ययं समजून घ्यायला ‘तिमु’ हा शब्द उत्तम. तिमु म्हणजे पाऊस पडणं. हे एकाच शब्दाचं क्रियापद आहे, त्याला कर्ताही लागत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा पावसाळा, त्यामुळे हा शब्द रोज उपयोगी पडतो.

ए तिमु : पाऊस पडतो.
उआ तिमु : पाऊस लागला.
ओ लो‘ओ तिमु : पाऊस पडतोय.
ना तिमु : पाऊस पडला.
साऽ तिमु : पाऊस पडत होता.
ओ ले आऽ तिमु : पाऊस पडणार आहे.

तिमु जागचा हलला नाही. हलली ती पुढची अव्ययं. यातलं ‘उआ’ विशेष लक्षात ठेवावं. आधी नव्हतं ते आता झालं, असा बदल ते दाखवतं. पोट भरलं, अंधार झाला, कळलं, पाहुणे निघाले, अशा सगळ्या ठिकाणी ‘उआ’ येतं. ‘ना’ आणि ‘साऽ’ यांच्यातला फरक रोजच्या बोलण्यात बराच पुसट आहे. त्यावर सुरुवातीलाच डोकेफोड करू नये.

आपण ज्यांना विशेषणं म्हणतो, तीही सामोअनमध्ये याच जागी येऊन बसतात. “ए लेलेइ ले तुसि” म्हणजे “पुस्तक चांगलं आहे”. इथे ‘आहे’साठी वेगळा शब्द नाही, ‘लेलेइ’ म्हणजे चांगलं, तेच क्रियापदाचं काम करतं. आकडेही तसेच. “ए लुआ तुसि” म्हणजे “पुस्तकं दोन आहेत”.

मी, तू आणि तो

सर्वनाम आलं की वाक्यात एक छोटी उलथापालथ होते. ‘मी’ आणि ‘तू’ यांची आखूड रूपं क्रियापदाच्या आधी सरकतात, आणि वर्तमानातल्या ‘ए’च्या जागी, सर्वनामाच्या मागे, ‘ते’ येतं.

ओउ ते आलु इ ले माऽकेति : मी बाजारात जातो.
ए ते आलु इ फेआ? : तू कुठे जातोस?
उआ ओउ माऽ‘ओना : माझं पोट भरलं.

‘इ’ हे आपल्या ‘ला’ आणि ‘त’ या दोन्हींचं काम करतं. ‘तो’ किंवा ‘ती’ मात्र बहुधा क्रियापदाच्या मागेच राहतात : “ओ लो‘ओ मोए ओ इआ”, म्हणजे तो झोपलाय किंवा ती झोपलीये. ‘इआ’ला लिंग नाही.

इथे एक जादूचा शब्द सांगायला हवा, ‘फिआ’. कुठल्याही क्रियापदाच्या आधी तो लावला की इच्छा दिसते. “ओउ ते फिआ ‘आइ” म्हणजे मला खायचंय, अर्थात भूक लागली आहे. “ओउ ते फिआ इनु” म्हणजे तहान लागली. “ओउ ते फिआ मोए” म्हणजे झोप आली. तीन वाक्यांत परक्या घरात दिवस निभावतो. मात्र ‘ए फिआ’ म्हणजे ‘किती?’, हेही ध्यानात असू द्यावं. दुकानात “ए फिआ ले ताउ?” म्हटलं की किंमत कळते.

मराठी माणसाची खरी मजा अनेकवचनात आहे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून सांगावा लागतो. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. सामोअनमध्ये हा भेद आहेच, शिवाय संस्कृतसारखं द्विवचनही आहे. ‘ताऽतोउ’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण सगळे, ‘माऽतोउ’ म्हणजे तुला सोडून आम्ही सगळे. ‘ताऽ’ म्हणजे आपण दोघं, ‘माऽ’ म्हणजे आम्ही दोघं. “ताऽ ओऽ!” म्हणजे “चल, आपण दोघं जाऊ”. “माऽ ते ओऽ” म्हटलं, तर आम्ही दोघं जातो आणि तू इथेच थांब.

‘आलु’चं ‘ओऽ’ कसं झालं? क्रियापदं काळाप्रमाणे बदलत नसली, तरी त्यातली काही वचनाप्रमाणे बदलतात. जाणं एकाचं असेल तर ‘आलु’, अनेकांचं असेल तर ‘ओऽ’. बाकी बहुतेक ठिकाणी शेवटून दुसरं अक्षर दोनदा म्हणायचं : बसणं किंवा राहणं हे ‘नोफो’, अनेकांचं ‘नोनोफो’, झोपणं ‘मोए’, अनेकांचं ‘मोमोए’.

ले काढा, अनेकवचन करा

नामांची अनेकवचनं त्याहून गमतीची. नामाआधी ‘ले’ असेल, तर ती वस्तू एक आणि ठरलेली. ‘ले’ काढून टाकलं की अनेकवचन झालं! ‘ले तामा’ म्हणजे मुलगा, नुसतं ‘तामा’ म्हणजे मुलगे. “ना साउ ले तामा”, मुलगा आला. “ना ओऽ माइ तामा”, मुलगे आले (अनेकांचं येणं, म्हणून ‘साउ’च्या जागी ‘ओऽ माइ’). आपण अनेकवचन करायला शब्दाला काहीतरी जोडतो किंवा त्याचा शेवट बदलतो. सामोअन माणूस आधीचा शब्द उचलून घेतो.

वस्तू ठरलेली नसेल, कुठलीही चालणार असेल, तर ‘ले’च्या जागी ‘से’ आणि अनेकवचनात ‘नि’. “‘आउमाइ ले नोफोआ” म्हणजे ती खुर्ची आण. “‘आउमाइ से नोफोआ” म्हणजे कुठलीही एक खुर्ची आण. “‘आउमाइ नि नोफोआ” म्हणजे दोन-चार खुर्च्या आण, कुठल्याही. सिना, आपिया अशा विशेषनामांआधी यातलं काहीच लागत नाही.

‘ने’ आणि ‘ए’

आता असा मुद्दा, जिथे मराठी शिकवण्याची गरजच ठेवत नाही. ही दोन वाक्यं पाहा.

ना साउ ले तामा : मुलगा आला.
ना ‘आइ ए ले तामा ले इ‘आ : मुलाने मासा खाल्ला.

येण्याला कर्म नाही, म्हणून कर्ता मोकळा. खाण्याला कर्म आहे, म्हणून कर्त्याआधी ‘ए’ आला आणि मासा मोकळा राहिला. शाळेत ज्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणत होतो, तो हाच घाट. ‘मुलगा आला’ पण ‘मुलाने खाल्ला’, हा भेद युरोपीय भाषांच्या सवयीने शिकणाऱ्याला वर्षभर छळतो. आपण तो दिवसातून शंभरदा करतो. फरक दोन. आपला ‘ने’ नामाच्या मागे, त्यांचा ‘ए’ पुढे. आणि आपला ‘ने’ मुख्यतः भूतकाळात येतो, तर सामोअन ‘ए’ कुठल्याही काळात : “ए ‘आइ ए ले तामा ले इ‘आ”, मुलगा मासा खातो.

विशेषनामालाही तोच नियम. “ना तुसि ए सिना ले तुसि” म्हणजे “सिनाने पत्र लिहिलं”. पहिला ‘तुसि’ क्रियापदाच्या जागी आहे म्हणून लिहिणं. दुसऱ्याआधी ‘ले’ आहे म्हणून पत्र किंवा पुस्तक. शब्द कोणत्या जातीचा, हे त्याच्या आधीचं अव्यय ठरवतं.

एक सावधगिरी. प्रेम करणं, हवं असणं अशी मनाची क्रियापदं या ‘ए’च्या वाटेला जात नाहीत, त्यांचं कर्म ‘इ’ किंवा ‘इआ’ घेऊन येतं. “ओउ ते आलोफा इआ ते ओए” म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे.

माझं म्हणजे नक्की कसं माझं?

‘माझं’साठी सामोअनमध्ये दोन शब्द आहेत, ‘ला‘उ’ आणि ‘लो‘उ’. वस्तू पाहून त्यातला एक निवडायचा. मी मिळवलेलं, मी हाताळतो, माझ्या ताब्यातलं, ते ‘आ’ गटात : जेवण, अवजारं, पेन, काम, लेकरं. जे मला आपसूक मिळालं, जे माझाच भाग आहे किंवा ज्याच्या आत मी असतो, ते ‘ओ’ गटात : हात-पाय, आई-वडील, भावंडं, नाव, घर, होडी, कपडे. म्हणून ‘ला‘उ तुसि’ माझं पुस्तक, पण ‘लो‘उ फाले’ माझं घर आणि ‘लो‘उ तिनाऽ’ माझी आई.

मराठीत “सिनाची गोष्ट” म्हटलं, की सिनाने सांगितलेली की सिनाविषयी सांगितलेली, हे विचारावं लागतं. सामोअनमध्ये ‘ले ताला आ सिना’ ही सिनाने सांगितलेली आणि ‘ले ताला ओ सिना’ ही सिनाविषयीची. तसंच ‘ला‘उ आता’ म्हणजे माझ्या मालकीचं चित्र आणि ‘लो‘उ आता’ म्हणजे ज्यात मी दिसतो ते चित्र. नवऱ्याच्या बाबतीत तर गंमतच आहे. ‘ला‘उ ताऽने’ म्हणजे माझा नवरा, हे ‘आ’ गटात. पण आदबशीर शब्द ‘तो‘आलुआ’ वापरला, की तो ‘लो‘उ तो‘आलुआ’ होतो. माणूस तोच, गट बदलला.

हे दोन शब्द पाठ करण्याऐवजी फोडून पाहिले, तर मघाचाच नियम आत सापडतो. ‘ला‘उ’ म्हणजे ले, आ आणि मी यांची मोट. ‘ले’चा ल काढला की अनेकवचन : ‘आ‘उ तुसि’, माझी पुस्तकं. ल च्या जागी ‘से’चा स घातला की ‘एखादं माझं’ : ‘सा‘उ पेनि’. आणि झटका काढला की माझं ते तुझं झालं : लाउ, आउ, साउ. एका सूत्रात सहा रूपं. मग असा संवाद सहज जमतो :

“ए इआइ साउ पेनि?” : तुझ्याकडे पेन आहे का?
“लेआइ. ए लेआइ सा‘उ पेनि.” : नाही. माझ्याकडे पेन नाही.

‘इआइ’ म्हणजे असणं, ‘लेआइ’ म्हणजे नसणं. नुसतं ‘नाही’ म्हणायलाही ‘लेआइ’, ‘हो’ म्हणायला ‘इओए’.

ओळख, नकार, प्रश्न

नाव सांगताना क्रियापद लागतच नाही. ‘ओ’ हे अव्यय पुढे करून दोन नामं शेजारी ठेवायची. “ओ लो‘उ इङोआ ओ मीना”, माझं नाव मीना. “ओ ले फाइआऽ‘ओङा सिना”, सिना शिक्षिका आहे. समोरच्याचं नाव विचारताना सामोअन माणूस ‘काय’ म्हणत नाही, ‘कोण’ म्हणतो : “ओ आइ लोउ इङोआ?” आपण कुठून आलो, हे असं सांगायचं : “ओउ ते साउ माइ इनितिआ”, मी भारतातून आले (इथला ‘माइ’ म्हणजे ‘-तून’).

नकारासाठी क्रियापदाआधी ‘लेऽ’, स्वर लांब. “ओउ ते लेऽ इलोआ”, मला माहीत नाही. “ओउ ते लेऽ आलु”, मी जात नाही. ‘लेऽ’ आखूड होऊन झटक्यासह ‘ले‘इ’ झाला, तर अर्थ ‘अजून नाही’ : “ए ले‘इ साउ सिना”, सिना अजून आलेली नाही.

हो-नाहीच्या प्रश्नाला आवाजाचा चढ पुरतो. वाक्याची रचना बदलावी लागत नाही. ‘केव्हा’ मात्र दोन आहेत. पुढच्या वेळेबद्दल ‘आऽफेआ’, मागच्या वेळेबद्दल ‘आनाऽफेआ’. आपल्या ‘परवा’सारखा घोळ इथे होऊच शकत नाही.

दिशा दाखवणारेही दोन शब्द फार कामाचे : ‘माइ’ म्हणजे माझ्याकडे, ‘आतु’ म्हणजे माझ्यापासून दूर. ‘फा‘आताउ’ म्हणजे सौदा करणं. “फा‘आताउ माइ” म्हणजे विकत घेणं आणि “फा‘आताउ आतु” म्हणजे विकणं. एकाच क्रियापदावर अख्खं दुकान चालतं.

त ची भाषा, क ची भाषा

पुस्तक घेऊन तयारी केली आणि आपियाच्या बसमध्ये बसलं, की पहिला धक्का बसतो. “ओउ ते आलु” म्हणणारं कुणीच सापडत नाही. सगळे “ओउ के आलु” म्हणतात. धन्यवादासाठी शिकलेलं ‘फा‘आफेताइ’ कानावर ‘फा‘आफेकाइ’ असं पडतं. घरगुती बोलण्यात त चा क होतो आणि न चा ङ. या बोलण्याला ‘ताउताला लेआङा’, म्हणजे वाईट बोलणं, असं नाव आहे आणि त वाल्या बोलण्याला ‘ताउताला लेलेइ’, चांगलं बोलणं. त ची भाषा चर्चमध्ये, शाळेत, प्रार्थनेत, लिखाणात आणि परक्या माणसाशी. नावावरून फसू नये. गावच्या पंचायतीत, म्हणजे ‘फोनो’मध्ये, मोठमोठे वक्ते भारदस्त भाषणं क च्याच भाषेत करतात. शिकणाऱ्याने बोलावं त मध्ये, आणि समजून घ्यावं दोन्ही.

दुसरा थर आदराचा. मराठीत आपण ‘तू’चं ‘तुम्ही’ करतो आणि क्रियापद बदलतो. सामोअनमध्ये आदराचे शब्दच निराळे आहेत. सामोअन समाज ‘माताइ’ म्हणजे कुटुंबप्रमुखांच्या पदव्यांवर उभा आहे. १९९० च्या सार्वमताने मतदानाचा हक्क सर्व प्रौढांना मिळाला, पण संसदेची उमेदवारी आजही फक्त माताइंनाच. त्यातही ‘आलि‘इ’ म्हणजे मानकरी आणि ‘तुलाफाले’ म्हणजे वक्ते असे प्रकार. साध्या माणसाला “साउ” म्हणायचं; आलि‘इला “आफिओ माइ” आणि तुलाफालेला “मालिउ माइ”. साधं घर ‘फाले’, आलि‘इचं ‘माओता’, तुलाफालेचं ‘लाओआ’. आजारपणाला ‘मा‘इ’, पण मान्यवराच्या आजारपणाला ‘ङासेङासे’. हे शब्द स्वतःबद्दल कधीच वापरायचे नसतात; आपलं घर कितीही मोठं असलं, तरी ते ‘फाले’च. नवशिक्याने हे सगळं पाठ करण्याची गरज नाही, पण एक शब्द पहिल्या दिवशीच शिकावा : ‘तुलोउ’. बसलेल्या माणसांच्या समोरून जाताना किंचित वाकून तो म्हणायचा असतो.

सुरुवात कशी करावी?

सामोअनचं वाक्य अवघड नाही, हे एव्हाना दिसलं असेल. क्रियापदांची कोष्टकं नाहीत, लिंगं नाहीत, विभक्तीचे प्रत्यय नाहीत. कर्मणी प्रयोगाचा घाट आणि ‘आपण-आम्ही’ हे तर मराठी माणसाला फुकटातच मिळालेलं. अवघड आहे ते कानाचं काम, झटका आणि लांबी. आणि त्याहून अवघड माणसांचं भान. ‘आ’ की ‘ओ’, ‘ताऽ’ की ‘माऽ’, ‘साउ’ की ‘आफिओ माइ’, हे ठरवायला समोरचा आपला कोण, हे आधी ठाऊक असावं लागतं.

म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात फक्त ‘तिमु’, ‘आलु’, ‘साउ’, ‘‘आइ’, ‘मोए’ अशी पाच क्रियापदं घेऊन त्यांच्यावर सगळी काळाची अव्ययं चढवावीत. दुसऱ्या आठवड्यात ले, से, नि. मग ला‘उ-लो‘उ, आणि त्यानंतर ‘ए’. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणावं, कारण ही भाषा डोळ्यांपेक्षा घशाने लवकर शिकता येते. न्यूझीलंडमध्ये असाल, तर दरवर्षी मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला सामोअन भाषा सप्ताह असतो. तेव्हा नवख्याशी बोलायला माणसं हौसेने तयार असतात. पहिलं वाक्य चुकलं तरी “ओउ ते लेऽ माऽलामालामा, फा‘आमोलेमोले” म्हणा, म्हणजे “मला समजलं नाही, कृपा करून...”, आणि थांबा. समोरचा माणूस तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणेल; तोच तुमचा पहिला धडा.